तारेविना घरचे इंटरनेट : बजाजनगरातील नऊ महिने

फेब्रुवारीच्या सुरुवातीला नागपूरच्या बजाजनगरातील आमच्या गल्लीत सिमेंटच्या रस्त्याचे काम निघाले आणि पहिल्या दहा दिवसांत जेसीबीने घरी येणारी फायबरची केबल तीनदा तोडली. केबलवाला मुलगा दरवेळी निमूटपणे येऊन ती जोडून जायचा. चौथ्यांदा मात्र त्याने रस्ता पूर्ण होईपर्यंत थांबा, असे सांगून हात टेकले. नेमका त्याच आठवड्यात एका मोबाइल कंपनीचा विक्री प्रतिनिधी दारात आला आणि म्हणाला, "काका, तारच नाही तं तुटन काय?" तंत्रनिकेतनात तीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेल्या माणसाने या वाक्याला भुलायला नको होते. पण लेकीचे ऑफिस घरूनच चालते, तिची सोमवारची मीटिंग डोक्यावर होती, आणि मी त्या मुलाच्या मोबाइलवरच अर्ज भरून टाकला. त्या वाक्यातली मेख मला कळली ती थेट सप्टेंबरात.

कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे जे गुणदोष येतील ते बहुतांशी एका कंपनीचे नसून या पद्धतीचे आहेत, आणि घरोघरी फाइव्ह-जीवरून इंटरनेट देणाऱ्या कोणत्याही सेवेला ते थोड्याफार फरकाने लागू पडतील.

या सेवेत घरात दोन वस्तू येतात : एक राउटर आणि एक आउटडोअर युनिट. युनिट म्हणजे दोनशेपानी वहीच्या आकाराचा पांढरा, चपटा डबा. त्याच्या पोटात सिम असते. सोप्या शब्दांत सांगायचे, तर हा पडदा नसलेला आणि जागचा न हलणारा फाइव्ह-जी फोनच आहे. तो टॉवरशी बोलतो, मिळालेले इंटरनेट लॅन केबलने राउटरला देतो आणि राउटर ते वाय-फायने घरभर वाटतो. म्हणजे एकाच घरात एकामागे एक अशी दोन निरनिराळी बिनतारी जाळी काम करत असतात. टॉवरपासून डब्यापर्यंतचे जाळे कंपनीने सरकारकडून लिलावात घेतलेल्या लहरींवर चालते, तर राउटरपासून फोनपर्यंतचे वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या त्या पट्ट्यांवर, ज्या कोणालाही परवान्याविना वापरता येतात आणि म्हणूनच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांनी गजबजलेल्या असतात. इंटरनेट मंद झाले की लोक सरळ टॉवरला शिव्या घालतात. खरा दोष कोणत्या जाळ्यात आहे हे पाहायचे, तर लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून वेग मोजावा. तिथे वेग नीट असेल, तर टॉवर निर्दोष आहे आणि राउटर टीव्हीच्या मागून काढून उंचावर मोकळ्या जागी ठेवायची वेळ आली आहे.

युनिट बसवायला आलेला मुलगा हुशार होता, फक्त घाईत होता. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, टॉवर साधारण चारशे मीटरवर एका इमारतीच्या गच्चीत. त्याने डबा बैठकीच्या खिडकीत ठेवला, मोबाइलवर चार दांड्या दाखवल्या आणि काम झाले म्हणाला. सिग्नलच्या या दांड्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते. मी त्याला आकडा दाखवायला लावला. खिडकीत उणे ९९ डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचे माप) होते. गच्चीवर नेऊन पाहिल्यावर उणे ७९. ऐकायला हा वीसचा फरक किरकोळ वाटतो, पण डेसिबलच्या हिशेबात दर दहाला शक्ती दसपट होते. म्हणजे गच्चीवर पोहोचणारा सिग्नल खिडकीतल्यापेक्षा शंभरपट बळकट होता. "सर, चालून राहिलं ना नेट, मंग कायले वर चढता?" असे त्याचे म्हणणे पडले. नेट चालत होते हे खरे, ८०-९० एमबीपीएसचा (सेकंदाला इतक्या मेगाबिटचा) वेग येत होता. मीही मग हट्ट सोडला आणि एप्रिलमध्ये त्याची किंमत मोजली.

हा हट्ट का धरायला हवा होता, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो. एखाद्या वाटेवरून किती माहिती नेता येईल याची कमाल मर्यादा लहरींच्या पट्ट्याची रुंदी आणि गोंगाटाच्या तुलनेत सिग्नलचे बळ, या दोन गोष्टींवर ठरते. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली हे सूत्र मांडले आणि फाइव्ह-जीही त्याच्या बाहेर नाही. सिग्नल स्वच्छ असेल, तर टॉवर एका ठोक्यात आठ-आठ बिट पाठवतो. अंधुक असेल, तर दोनवर येतो आणि तेच काम करायला त्याला चौपट वेळ लागतो. टॉवरचा वेळ सर्वांचा सामाईक असतो. म्हणून खिडकीत कसाबसा ठेवलेला माझा डबा माझाच वेग कमी करत होता असे नाही, तर गल्लीतल्या इतरांच्या वाट्याचा वेळही खात होता. नळाला मोटर लावणाऱ्या शेजाऱ्याला आपण नावे ठेवतो. हा प्रकार त्याच जातीचा, फक्त नकळत घडणारा.

दुसरी गोष्ट लहरींच्या लांबीची. आकाशवाणी नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झचे केंद्र ऐकत वाढलेल्या पिढीला ठाऊक आहे, की रेडिओ कोणत्याही खोलीत लागायचा. त्या लहरीची लांबी पाचशे मीटरहून अधिक होती, आमचे अख्खे घर तिच्या लेखी खडा. मोबाइलच्या ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर असते आणि ती भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या फाइव्ह-जीचा मुख्य भार मात्र ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे, जिथे लहर जेमतेम नऊ सेंटिमीटरची होते. या पट्ट्यात जागा ऐसपैस मिळते, म्हणून वेग मिळतो. पण विटांची भिंत, सिमेंटचा स्लॅब, पत्रा, ओली झाडे यांच्यापुढे ती लवकर हार मानते. लांब पोहोचणारा पट्टा अरुंद आणि रुंद असलेला पट्टा आखूड पल्ल्याचा, हे कोणत्याही कंपनीला टाळता आलेले नाही.

आणि मग एप्रिल आला. नागपुरात एप्रिल म्हणजे कुलर. आमचा जुना लोखंडी कुलर दरवर्षी बैठकीच्या त्याच खिडकीत बसतो, कारण घरातली तेवढीच खिडकी त्याच्या मापाची आहे. डबा खिडकीतून काढून आत कपाटावर ठेवला आणि त्याच्यासमोर टॉवरच्या दिशेला लोखंडी पत्र्याची पेटी, तिच्या तीन बाजूंना पाण्याने भिजलेल्या ताट्या आणि तळाला पाण्याची टाकी आली. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. परीक्षेत लहरींच्या अडथळ्यांवर प्रश्न काढायचा असता, तर यापेक्षा चांगली आकृती मला सुचली नसती. वेग ८० वरून ११ एमबीपीएसवर आला. लेकीच्या मीटिंगमधले चेहरे गोठू लागले, आणि घरात कुलर की इंटरनेट अशी निवड करायची वेळ आली. ४३ अंशांत ती निवड कशी झाली असेल, हे नागपूरकरांना सांगायला नको.

तक्रार केल्यावर तिसऱ्या दिवशी दुसरा तंत्रज्ञ आला. या माणसाला मात्र पूर्ण गुण. त्याने गच्चीवर पाइप रोवला, डबा त्यावर बसवला आणि वेग मोजत मोजत तो हाताने सावकाश फिरवला. एका टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड केलेले तीन अँटेना-संच असतात आणि प्रत्येक संच साधारण १२० अंशांचा प्रदेश सांभाळतो. आमचे घर दोन प्रदेशांच्या सीमेवर पडत असल्याने डबा कधी या संचाला चिकटे, कधी त्याला. दोन सासरे असलेल्या जावयासारखी त्याची स्थिती होती. पंधरा अंश वळवल्यावर तो एकाच संचावर स्थिर झाला आणि वेग योजनेत लिहिलेल्या १०० एमबीपीएसला टेकला. गच्चीवरून खाली वीस मीटर लॅन केबल ओढण्याचे वेगळे पैसे मला द्यावे लागले. पहिल्याच दिवशी हे झाले असते, तर ती केबल फुकट बसवण्याच्या कामातच आली असती, ही तक्रार मी नोंदवून ठेवतो.

पावसाविषयी लोक हमखास विचारतात, म्हणून सांगतो : पावसाने काही बिघडले नाही. पावसाचा थेंब काही मिलीमीटरचा असतो, नऊ सेंटिमीटरच्या लहरीला तो जाणवतही नाही. २६ गिगाहर्ट्झचा जो पट्टा २०२२ च्या लिलावात विकला गेला, त्याची लहर सेंटिमीटरच्या आसपास असते आणि तिथे पाऊस नक्कीच आडवा येतो. (या अतिलघु लहरींची नवलाई आज सांगितली जाते, पण जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात मिलीमीटर लहरींवरच प्रयोग करून दाखवले होते.) जुलैमध्ये माझा वेग दहा-पंधरा एमबीपीएसने खाली आला खरा, पण त्याचे कारण समोरचा कडुनिंब. कोरडी पाने लहर बऱ्यापैकी जाऊ देतात. भिजलेला झाडाचा डेरा म्हणजे पाण्याचा पडदाच होतो.

वेगाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट घड्याळ आहे. सकाळी सहाला १०० एमबीपीएस, दुपारी ९०, रात्री नऊ ते साडेदहा ५५ ते ६०, आणि क्रिकेटचा मोठा सामना असला की ४०. फायबरवर इतका चढउतार मी पाहिला नव्हता. याचे मूळ 'सेल्युलर' या शब्दातच आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत डग्लस रिंग यांनी १९४७ साली कल्पना मांडली, की एकच उंच, ताकदवान प्रक्षेपक शहरभर ओरडत ठेवण्यापेक्षा शहराचे षट्कोनी कप्पे, म्हणजे सेल, करावेत, प्रत्येक कप्प्यात कमी शक्तीचे केंद्र ठेवावे आणि त्याच त्या लहरी दूरच्या कप्प्यांत पुन्हा वापराव्यात. मर्यादित लहरींवर अमर्याद माणसे बोलू शकली ती या युक्तीमुळे. पण एका कप्प्यात जेवढी माणसे असतील, तेवढ्यांत त्या कप्प्याची क्षमता वाटली जाणार, हे त्यातच आले. फोनवाला गर्दीतून बाहेर पडला, की त्याला दुसरा कप्पा मिळतो. आमचा डबा पाइपला घट्ट बांधलेला.

हे वाटप किती ताणले जाऊ शकते, ते दसऱ्याला दिसले. बजाजनगरापासून दीक्षाभूमी जवळच आहे आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे लाखो अनुयायी येतात. एरवी काही हजारांना पुरणारे परिसरातले टॉवर त्या दोन दिवसांत या लाखोंच्या हाताखाली येतात. अशा प्रसंगांसाठी कंपन्या ट्रेलरवरचे तात्पुरते टॉवर आणून उभे करतात आणि त्याचा उपयोगही होतो. तरीही त्या संध्याकाळी माझा वेग ६ एमबीपीएसवर आला. मला त्यात तक्रारीसारखे काही वाटले नाही. दूरवरून आलेल्या माणसाला आपण सुखरूप पोहोचल्याचे घरी कळवता यावे, हे माझ्या सिनेमापेक्षा केव्हाही महत्त्वाचे. त्याच वेळी फोनवरचे बोलणे मात्र सुरळीत लागत होते, ही लक्षात घेण्यासारखी बाब आहे. फोर-जीपासून आवाजही इंटरनेटसारखाच लहान लहान पाकिटांत जातो. परंतु त्या पाकिटांना जाळ्यात अग्रक्रम दिलेला असतो, आणि एका संभाषणाला लागणारी जागाही अगदी थोडी असते.

आता सप्टेंबरची गोष्ट. गणपती उठून आठवडा झाला असेल. सकाळी दहाला इंटरनेट बंद पडले आणि संध्याकाळी सातपर्यंत आले नाही. डब्यावरचा दिवा लाल. माझ्या मोबाइलमध्येही त्याच कंपनीचे सिम असल्याने तोही मुका. शेजारच्या मुलाच्या फोनवरून ग्राहक सेवेला लावला, तर 'आपल्या भागात तांत्रिक काम सुरू आहे' एवढेच उत्तर मिळाले. संध्याकाळी चौकातल्या पानठेल्यावर खरे कारण कळले : पलीकडच्या रस्त्यावर खोदकाम सुरू होते आणि टॉवरकडे जाणारी फायबर जेसीबीने तोडली होती.

"तारच नाही तं तुटन काय?" या प्रश्नाचे उत्तर ते होते. मोबाइलच्या जाळ्यात बिनतारी असते ती केवळ शेवटची चारशे मीटर. टॉवरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत, तिथून मुंबईपर्यंत आणि तिथून समुद्राखालून जगभर सगळी तारच आहे, बहुतेक जमिनीत पुरलेली. दुर्गम भागातल्या काही टॉवरना तारेऐवजी मायक्रोवेव्हच्या गोल तबकड्यांनी जोडलेले असते, पण शहरात, आणि त्यातही फाइव्ह-जीसाठी, फायबरच लागते. घरची फायबर तुटली, तर एक घर अंधारात जाते. टॉवरची तुटली, तर वस्ती. मोठ्या टॉवरना दोन वाटांनी फायबर दिलेली असते, म्हणजे एक तुटली तरी दुसरीवरून काम चालते. आमच्या टॉवरला बहुधा ती चैन नव्हती. विक्री प्रतिनिधीवर माझा राग नाही, त्याला शिकवलेले वाक्य तो म्हणाला. पण हे वाक्य शिकवणाऱ्याला सगळे ठाऊक असणार.

त्या दिवशी मी एक बदल केला आणि ही सेवा घेणाऱ्या प्रत्येकाने तो पहिल्या दिवशीच करावा, असे माझे मत आहे. घरी ज्या कंपनीचे बिनतारी इंटरनेट असेल, त्या कंपनीचे सिम फोनमध्ये ठेवू नये. दोन्ही एकाच टॉवरच्या खुंटीला बांधलेले असतात आणि दोन्ही एकाच वेळी जातात. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. १९०० या क्रमांकावर 'पोर्ट' असे इंग्रजीत लिहून, त्यापुढे आपला नंबर टाकून संदेश पाठवला, की कोड येतो. मी फोन दुसऱ्या कंपनीकडे नेला. आता एक पडले, तर दुसरे उभे असते.

अपलोडविषयी लेक माझ्यापेक्षा कठोर आहे. ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवणे (डाउनलोड) आणि चढवणे (अपलोड) या दोन्ही गोष्टी एकाच लहरीवर आळीपाळीने होतात, आणि बहुतांश वेळ उतरवण्याला दिलेला असतो. शिवाय टॉवर शेकडो वॅटने बोलू शकतो, डबा वॅटच्या काही भागानेच. परिणामी १०० उतरताना चढताना जेमतेम १२ मिळतात. मीटिंगला ते पुरते. तिच्या कामाच्या जड फायली पाठवायला मात्र पूर्वी जिथे पाच मिनिटे लागत, तिथे आता चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, हाही फायबरवर ८ मिलिसेकंद असायचा, तो इथे ३० ते ४५ दरम्यान हेलकावतो. गेम खेळणाऱ्या भाच्याने दिवाळीत एका तासात नापसंती दिली.

घराबाहेरून सीसीटीव्ही पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात. आपण आतून बाहेर सहज जातो, पण बाहेरून कोणाला थेट आपल्या घरच्या यंत्रापर्यंत येता येत नाही. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा माझा जुना डीव्हीआर त्यामुळे मोबाइलवर दिसेनासा झाला. कंपनीच्या क्लाउडवर चालणारे नवे कॅमेरे व्यवस्थित चालतात.

उलट, वाय-फाय कॉलिंगने मला अनपेक्षित सुख दिले. आमच्या स्वयंपाकघरात मोबाइलची रेंज कधीच नव्हती, बोलायचे म्हणजे ओट्यावरचे सोडून बाल्कनीत जावे लागे. फोनमध्ये ती सोय चालू केल्यावर कोणत्याही कंपनीच्या सिमचा कॉल घरच्या वाय-फायवरून जातो आणि आवाज इतका स्वच्छ येतो, की अकोल्याची बहीण 'तू जवळूनच बोलून राहिला का?' असे विचारते.

पैशांचे थोडक्यात. जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी धरावा. ५०० दिसले, तर बिल ५९० चे येणार. 'अमर्याद' या शब्दाखाली बारीक अक्षरांत डेटाची मासिक मर्यादा लिहिलेली असते आणि ती ओलांडली, की वेग रांगू लागतो. आम्हा तिघांना ती अद्याप लागलेली नाही. दिवसभर दोन टीव्ही चालणाऱ्या घराने आधी हिशेब करावा. ग्राहक सेवेला मी पाचपैकी दोनच गुण देईन : माणसे सौजन्याने बोलतात, पण तक्रार 'सोडवली' म्हणून बंद करण्याची त्यांना भारी घाई, आणि टॉवर बंद आहे एवढी साधी गोष्ट सांगायलाही ती राजी नसतात. एकूण सेवेला साडेतीन. जिथे फायबर पोहोचलीच नाही, किंवा भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडू देत नाहीत, तिथे साडेचार म्हणायलाही हरकत नाही. आमचा रस्ता दिवाळीआधी पूर्ण झाला आहे आणि केबलवाला मुलगा फायबर पुन्हा जोडून द्यायला तयार आहे. लेकीसाठी ती मी घेणार आहे. डबाही सहा महिने राहील, कारण त्याचे पैसे भरून झाले आहेत.

मे महिन्यात हाच डबा भर दुपारी दोनदा बंद पडला होता. त्याच्या पत्रकावर ५५ अंशांची मर्यादा लिहिली आहे. पारा ४५ वर असताना तापलेल्या गच्चीवर, थेट उन्हात त्याचे अंग किती तापत असेल, हे हात लावून पाहिले आणि हात मागे घेतला. पत्र्याचा आडोसा करता येत नाही, लहरी अडतील. उन्हाळ्यात आपल्या चौकांतल्या सिग्नलवर सावलीसाठी बांधतात, ती हिरवी जाळी प्लॅस्टिकची असते आणि लहरींना तिचा अडसर होत नाही. तिचा दोन हात तुकडा इतवारीच्या बाजारातून आणून चार काठ्यांवर ताणला, तेव्हापासून डबा एकदाही तापून बंद पडलेला नाही. शेजारी आता विचारतात, की सावलीत कोणते रोप लावले आहे.